तळघरातली ऊब

घराखाली एवढं प्रशस्त तळघर असताना बॉयलर मात्र मागे चार खांबांवरच्या पत्र्याखाली, उघड्यावर का, असं तुम्ही सकाळी संदेशला विचारलंत आणि तो हसून गाडी धुवायला निघून गेला. तो सांगणार नाही. सांगायचं तर मलाच सांगावं लागेल. फक्त जरा पुढे सरकून बसा, कारण आत आत्या टीव्ही बघतेय. वयाच्या मानाने तिचे कान फार तिखट आहेत आणि पाठीमागे बोललेलं तिला खपत नाही. तोंडावर बोललेलंही खपत नाही म्हणा, पण ते तुम्हाला दोन दिवसांत कळलंच असेल.

आत्या म्हणजे माझी सासू, बाईजा. मी मुरबाडकडची. आमच्यात सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. लग्न होऊन इथे खर्डीला आले तेव्हा पहिल्याच पहाटे मी जे पाहिलं ते माहेरी जाऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. मी सासूच्या धाकाने अंधारात उठले, तर चुलीपाशी कोंडूमामा उकिडवे बसलेले आणि फुंकणीने जाळ करत होते. चुलीवर पाण्याचा हंडा. मला वाटलं, म्हाताऱ्याला आंघोळीची घाई आहे. तर नाही. ते पाणी आत्याचं! रोज पहाटे नवरा उठून बायकोचं पाणी तापवायचा, बादलीत ओतायचा, कोपर बुडवून बघायचा आणि मग हाक मारायचा. सगळं गाव हसायचं. मामा म्हणायचे, "तिची पाठ धरतंय. थंड पाण्यानं वाकडी झाली तर तुमी येनार हाव काय सरळ कराया?"

आणि दिवसभर दोघं भांडायची. भातात मीठ कमी पडलं म्हणून, कोंबडी कुठे बसली म्हणून, काहीच कारण नसेल तर कारण का नाही म्हणून. मला वाटतं त्या दोघांचं बोलणं म्हणजे भांडण आणि प्रेम म्हणजे पाणी, अशी वाटणीच झाली होती.

मामा गेले ते भर भादव्यात, भात पोटरीला आलेलं असताना. तीन दिवसांचा ताप. आत्या रडली ती तेवढीच, पण दुसऱ्या दिवसापासून गार पाण्याने आंघोळ करायला लागली. मी गॅसवर पाणी तापवून ठेवलं की ती ते तसंच भांड्यांना वापरायची. "तापवनारा गेला. आता कशाला लाड?" एवढंच म्हणायची. थंडीत तिची पाठ खरंच धरायची, पण ऐकेल तर ती बाईजा कसली.

पुढे संदेशने आसनगावची नोकरी सोडली आणि आम्ही हे घर पाहुण्यांसाठी बांधलं. जागा उताराची, म्हणून मागच्या बाजूला आपोआप तळघर निघालं. स्वयंपाकघरातून खाली जिना आणि उताराच्या अंगाला एक दार. तिथे कोपऱ्यात शहापूरच्या रविंद्रने बनवलेला लाकडावरचा बॉयलर बसवला. मोठं पिंप, खाली लाकडं घालायचं लोखंडी दार, वरून धुराचा जाड पाइप भिंतीतून बाहेर काढलेला. सकाळी एकदा पेटवला की सगळ्या खोल्यांना पाणी. दुपारपर्यंत लाकडाचे निखारे व्हायचे, मग संदेश पाइपाची झडप निम्मी लावून टाकायचा, म्हणजे ऊब टिकून संध्याकाळलाही पाणी कोमट राहायचं. इथवर सगळं ठीक होतं.

पण त्याच तळघरात आम्ही पाहुण्यांसाठी कॅरम आणि टेबल टेनिस ठेवलं होतं. मुंबईची माणसं खेळायची, फोटो काढायची आणि प्रत्येक फोटोत मागे तो काळा, कळकट बॉयलर दात विचकत उभा. एका बाईंनी तर कॅरमच्या बोर्डाकडे दुर्लक्ष करून त्याच्याचकडे बघत विचारलं, "हे असंच राहणार का?" संदेशच्या ते मनाला लागलं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही दोघं टेम्पो घेऊन शहापूरला गेलो आणि प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या असं सगळं भरून आणलं. सागवानी रंगाचा सनमायका मी पसंत केला. घासाघीसही मीच केली, संदेशला ती जमत नाही. सुताराने बॉयलरभोवती कपाटासारखी एक छोटी खोली उभी केली. आत बॉयलर आणि त्याच्यापुढे एक माणूस पाट टाकून बसेल एवढी जागा. दार आत ढकलून उघडायचं, त्याला स्प्रिंग, म्हणजे ते आपलं आपण बंद होणार. फोटोत इतकी सुरेख दिसायची ती खोली!

आत्याने पहिल्या दिवशी दार उघडून आत डोकं घातलं आणि तिथेच थबकली.

"केवढी ऊब हाय गो," ती म्हणाली. "चुलीपाशी बसल्यावानी."

आमच्याकडे बियाणं कुठे ठेवतात, ठाऊक आहे? चुलीवरच्या माळ्यावर. पुढच्या पेरणीचं भात पेंढ्यात घट्ट गुंडाळून त्याची मुडी बांधायची आणि चुलीच्या वर टांगायची. खालून रोज शेक लागतो, धूर लागतो, मग त्याला किडा धरत नाही. नव्या घरात चूल नाही, त्यामुळे आत्याच्या मुड्या पोरक्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर बॉयलरच्या खोलीत, धुराच्या पाइपाला लागून, दोन मुड्या टांगलेल्या. शेजारी सुकी मिरची. खाली गोवऱ्या आणि दिवसाची लाकडं, कोरडी राहावीत म्हणून. आणि बॉयलरच्या दारासमोर पानावर भाताचा एक घास, कारण घरातल्या विस्तवाला पहिला घास दिल्याशिवाय ती स्वतः जेवायची नाही. मी हसले आणि मला बरंही वाटलं. मामा गेल्यापासून तिने पहिल्यांदा घरात काहीतरी स्वतःचं मांडलं होतं.

मग ती दुपारी तिथे जाऊन बसायला लागली. दार लावून. ऊब जाते ना.

तासाभराने वर यायची तेव्हा तिचे गाल लाल झालेले असायचे, डोळे चमकायचे. डोकं ठणकतंय म्हणायची, पण तक्रारीच्या सुरात नाही. जेवायची नीट. एकदा तर तिने खाली जाण्याआधी लुगडं बदललं, केसांना तेल लावलं. मी म्हटलं, "कुठं निघालात आत्या, खर्डीच्या बाजाराला?"

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली. मग जिन्यात थांबून, मागे न बघता म्हणाली, "तुझे मामा येतान खाली."

मी हातातली भाजी तशीच धरून उभी राहिले. म्हातारी माणसं बोलतात असं काहीबाही. मी चेष्टेवारी नेलं. "येऊ द्या की. जाताना लाकडं फोडून ठेवा म्हणावं."

त्या दुपारी पाहुणे माहुलीच्या किल्ल्यावर गेलेले. घरात चिटपाखरू नव्हतं. मी चहा केला आणि तिचा कप घेऊन खाली उतरले. तळघरात दिवसासुद्धा अर्धा अंधार असतो. उताराच्या दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी कॅरमवर पडलेली. पाइपातून पाणी सरकल्याचा बारीक आवाज, तापलेलं लोखंड निवताना करतं तसली टक्... टक्... आणि नव्या प्लायवूडचा, सरसाचा करपट वास. त्या सागवानी दाराआड आत्या बोलत होती.

"...आनि वरल्या शेताचा बांध?... हां... हां... मग मी काय म्हनत व्हते?"

मला वाटलं, फोनवर बोलतेय. पण फोन वर चार्जिंगला लावलेला मी आत्ताच बघून आले होते. मी तशीच उभी राहिले. ती बोलायची आणि थांबायची. ते थांबणं नेमकं उत्तर ऐकण्याएवढं असायचं, कधी आखूड, कधी लांब. एकदा ती हसली. आणि तिचं हसू संपायच्या आत आतून कुणीतरी खाकरलं. घशात तंबाखू अडकल्यावर पुरुषमाणूस खाकरतो तसं.

मी दारावर टकटक केलं. टक्... टक्... आतलं बोलणं थांबलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आत्या एकटीच होती, घामेजलेली, झोपेतून उठल्यासारखी. तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

"एकच चा आनलास?" तिने विचारलं.

मी रात्री संदेशला सांगितलं. तो म्हणाला, "आईला करमतंय ना तिथं? जेवते, हसते. राहू दे गो." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. भीती वाटत होती, पण घरातलं माणूस आहे, परकं थोडंच आहे, असंही वाटत होतं. आपल्या माणसाची कसली भीती?

पौषात एका दुपारी मी तिला हाक मारली, तर खालून ओ आली नाही. मी खाली गेले. आत बोलण्याचा आवाज नव्हता. दार ढकललं तर ते अर्धवट उघडून अडलं, कारण आत्याचे पाय दाराला लागलेले. ती भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला, ओठांवर हसू. मी फटीतून आत शिरले आणि माझ्यामागे स्प्रिंगने दार लागलं. तिला उठवायला वाकले. डोकं एकदम जड झालं, कानात गुं असा आवाज. आणि बॉयलरच्या दारापाशी मला मामा दिसले.

उकिडवे बसलेले, माझ्याकडे पाठ. तीच बंडी, मानेवरचा तोच काळा तीळ. हाताने काहीतरी आत सारत होते, सावकाश, जाळाला जपून सारतात तसं. आत लाकूड नव्हतं, निखारे होते नुसते. त्यांनी मान वळवली नाही.

"बस गो..." ते म्हणाले. "पानी तापतंय..."

मला आता या गोष्टीची भीती वाटते, की तेव्हा मला भीती वाटली नाही. उलट वाटलं, बसावं जरा. किती दिवसांनी कुणीतरी आपल्याला बस म्हणतंय. दिवसभर या पाहुण्यांचं करा, त्या चादरी धुवा... आत्याने झोपेतच सरकून मला जागा करून दिली. मी टेकले. ऊब अंगभर चढायला लागली.

तेवढ्यात मनगटावर चटका बसला. हा बघा, अजून डाग आहे. वर बघितलं तर पाइपाला टेकलेली मुडी पेटत होती. पेंढ्याच्या काड्या लाल होऊन खाली गळत होत्या आणि पाइपामागचा प्लाय कोळशासारखा काळा पडून धुमसत होता. धुराने मला ठसका लागला, घसा फाटेस्तोवर खोकले आणि त्या खोकल्यानेच मी शुद्धीवर आले. दार आत उघडणारं, आणि त्याला आत्याचं शरीर अडलेलं. मी तिचे पाय ओढले, दार खेचलं, ते परत लागलं, परत खेचलं. काखेत हात घालून तिला ओढत उताराच्या दारातून बाहेर टाकलं आणि बोंब मारली. संदेश शेतातून धावत आला. बॉयलरचाच नळ सोडून त्याने बादल्या मारल्या. सनमायका फुगून, तडकून खाली आला. एवढ्या हौसेचा सागवानी रंग, नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हे असे.

बाहेरच्या वाऱ्यात आत्याला जाग आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. "ते कुठं गेलं?" म्हणाली.

रविंद्र शहापूरहून आला तो तोंडाचा पट्टा सोडतच. बडबड्या माणूस, बॉयलरबरोबर भाषणही फुकट देतो. जळका प्लाय त्याने नखाने खरवडला. "संदेशशेठ, पायपाला लाकूड चिकटवतात काय? ते रोज थोडं थोडं भाजतं. दिसत नाय. आनि मग एक दिवस साध्या शेकानं पेटतं. वर पेंढा, खाली गोवऱ्या. होळीच बांधलीत तुमी, फक्त बोंब मारायची बाकी व्हती!"

"ती मी मारली," मी म्हटलं.

मग त्याने झडपेकडे बोट दाखवलं. निखारे धूर करत नाहीत, पण त्यांचा गॅस निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झडप निम्मी बंद, खोलीला हवा यायला एक भोक नाही, मग तो गॅस आत साठणार. आधी डोकं दुखतं, मग छान वाटतं, मग माणसं दिसायला लागतात, मग झोप. "त्या झोपेतून कोन उठत नाय," तो म्हणाला. "वैनी, तुमी दोघी वाचलात ते त्या पेटलेल्या पेंढ्यानं."

आत्या पायरीवर बसून ऐकत होती. तिने विचारलं, "म्हंजे ते आलंच नवते?"

"नाय आजी. तो गॅस व्हता."

ती पदराने पायावरची राख पुसत बसली. मामा गेले तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला होता, पण त्या दिवशीचा चेहरा मला जास्त लागला. एकदा गेलेला माणूस गेला, हे तिला दुसऱ्यांदा सांगितलं गेलं होतं. आणि या वेळी तो आलाच नव्हता, असंही वर सांगितलं. मला रविंद्रचं तोंड शिवून टाकावंसं वाटलं, जरी त्याचा शब्द न् शब्द खरा होता.

बॉयलर तेव्हाच बाहेर काढायला हवा होता. पण पाइप सगळे तळघरात, पाहुण्यांचा हंगाम, आणि रविंद्र म्हणाला, नीट बांधलं तर धोका नाही. त्याने बांधलंही नीट. प्लायच्या जागी विटांची भिंत. धुराच्या पाइपाभोवती हातभर मोकळी जागा. लोखंडी दार, बाहेर उघडणारं, त्याला आडव्या झरोक्यांची जाळी. बाहेरच्या भिंतीत दोन भोकं, एक खाली घोट्याशी, एक वर स्लॅबच्या खाली, खालून हवा आत आणि वरून बाहेर. लाकडं आत ठेवायची नाहीत, झडप निखारे असेपर्यंत लावायची नाही. वाळूची बादली दारापाशी. संदेश रोज जाऊन बघायचा.

आत्याही रोज जायची. दार उघडं टाकून पाटावर बसायची. भिंतीतून गार वारा यायचा. गाल लाल होत नव्हते, डोकं दुखत नव्हतं. ती वर यायची ती नुसतीच. तेल लावणं बंद झालं. मग जेवण निम्म्यावर आलं. मी तिच्या आवडीची सुकटीची चटणी केली, ती तिने ताटाच्या कडेला सारली. मी मुद्दाम भांडण काढलं, माझ्याइतका फोडणीचा हात कुणाला नाही म्हणाले, तर ती म्हणाली, "बरोबर हाय तुझं." बरोबर हाय तुझं! आठ वर्षांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

माघ लागला. एका दुपारी मी कपडे वाळत घालून आले तर ती खोलीत नव्हती. मला काय वाटलं ते सांगता येत नाही, पण मी जिना उतरले नाही, पडलेच जवळजवळ. तळघरात शांत. पाण्याचा आवाज नाही, वाऱ्याचा नाही. लोखंडी दार लावलेलं आणि जाळीच्या प्रत्येक झरोक्यात आतून जुन्या लुगड्याच्या चिंध्या. नीट, घड्या घालून बसवलेल्या.

दार बाहेर उघडणारं होतं म्हणून आज मी तुम्हाला ही गोष्ट सांगतेय. एका हिसक्यात उघडलं. या वेळी मी श्वास धरून आत गेले आणि कुठेही बघितलं नाही. शपथेवर सांगते, त्या कोपऱ्याकडे बघितलंच नाही. आत्या पाटावर कुशीवर निजली होती. लाल गाल, केसांना तेल, अंगावर इरकली लुगडं. मी तिला ओढून उन्हात आणलं आणि तिच्या गालावर मारत सुटले. शिव्या दिल्या. देव आठवले नाहीत, शिव्या आठवल्या.

शहापूरच्या दवाखान्यात तिच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. दुपार कलली तेव्हा तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि तोंड फिरवलं. रागावली होती माझ्यावर. मीही रागावले होते. डॉक्टर बाहेर गेल्यावर मी सोडलं नाही.

"झरोके तुमी बुजवले?"

"हां."

"खालचं भोक?"

"तेही. झडप बी मीच लावली." मग मास्क बाजूला करून म्हणाली, "रव्या बोलला ना, गॅस असला की ते दिसतान. मग काय चुकलं माझं? घडीभर बसनार व्हते. येनार व्हते परत."

"आणि आला नसतात तर? संदेशचं काय? माझं काय? तुमी गेल्यावर मी भांडू कुनाशी, आं? त्या नवऱ्याला तर भांडतासुद्धा येत नाय!"

तिने माझ्याकडे बघितलं. मग पलंगावरून हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं, डागावर अंगठा ठेवून. "रडू नको," म्हणाली. "परत नाय करनार. तुझी आन." मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच तिच्या पायाशी डोकं टेकलं. वाटलं, संपलं. सुटलो आपण.

संदेश अंधार पडायच्या आत आला. घरी जाऊन बॉयलर विझवून, सगळी भोकं मोकळी करून आला होता. त्याच्या नखांत चिखल होता. आईची विचारपूस केली, पण मधे मधे बोलायचा थांबायचा. मी त्याला खिडकीपाशी नेलं.

"वरचं भोक," तो म्हणाला. "ते पण बुजवलेलं, रंजे."

मी म्हटलं, "बुजवलंच असेल. सगळंच बुजवलं तिने."

"टेबल ओढलं, त्याच्यावर बाक ठेवलं, तवा माझा हात पोचला. आत पाट सोडून दुसरं काय नव्हतं. बाहेरनं तर उतार, शिडीबिगर कोन चढनार?" त्याने नखातला चिखल कोरून काढला. "आनि चिंध्या नाय घातलेल्या. बांध बुजवतात तसं बुजवलंय."

पावसात खेकडे शेताच्या बांधाला भोकं पाडतात आणि खाचरातलं पाणी निसटून जातं. मग शेतकरी पेंढ्याचा पीळ करून भोकात ठासतो, वर चिखल थापतो आणि कडेकडेने अंगठ्याने दाबत जातो, एका ठशाला लागून दुसरा ठसा. तसं. संदेशला ते पहारीने काढावं लागलं. आणि चिखल ओला होता. माघात आमची खाचरं तडकून टणक झालेली असतात, ओला चिखल बघायला मिळत नाही. त्याने एका ठशात स्वतःचा अंगठा घालून बघितला होता. ठसा मोठा होता.

आम्ही हळूच बोलत होतो, पण मी म्हटलं ना, तिचे कान तिखट आहेत.

"काय झालं रे?" पलंगावरून आत्याने विचारलं.

मीच तिच्याजवळ गेले. "आत्या, वरचं भोक... ते कसं बुजवलंत?"

"वरचं?" ती म्हणाली. "वरचं कुठं? माझा हात पुरतो काय तेवढा?"

मी तिला सगळं सांगितलं. पीळ, चिखल, ठसे. ती नीट ऐकत होती. चिखल ओला होता का, तेवढं तिने परत विचारून घेतलं. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर ते जुनं तेज आलं.

"बघ," ती मला म्हणाली. "तेंना एकट्याला करमत नाय गो... मीच उशीर लावतंय."

आणि ती चक्क लाजली.